सेल्टाचा इंटेन्सिव्ह कोर्स: आधीच्या दीड महिन्यात नेमकी काय तयारी करावी?

किनारा
चार आठवड्यांच्या पूर्णवेळ सेल्टाला (इंग्रजी शिकवण्यासाठीचा केंब्रिजचा प्रमाणपत्र कोर्स) प्रवेश मिळाला आहे. कोर्स सुरू व्हायला साधारण दीड महिना आहे. मुलाखतीत सांगितलं की इंग्रजी उत्तम आहे, पण लँग्वेज अवेअरनेसवर (भाषेचे नियम ओळखून समजावता येणं) काम करा. केंद्राने कोर्सआधी करायचा टास्क आणि पुस्तकांची भलीमोठी यादी पाठवली आहे. वर्गात शिकवायचा अनुभव शून्य.

एवढ्या वेळात व्याकरण किती आणि कसं करायचं? अध्यापनपद्धतींवरची पुस्तकं आधी वाचून काढावीत का? लोक नेमके कुठे अडकतात? आणि संध्याकाळचं दोन तासांचं काम कोर्सबरोबर चालू ठेवता येईल का?

खडू-फळा
शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो. काम बंद ठेवा. सेल्टामध्ये किमान 120 तास संपर्काचे असतात. ते चार आठवड्यांत बसवायचे म्हणजे आठवड्याचे पाच दिवस रोज सहा तास तिथेच गेले. त्यात इनपुट सेशन (ट्यूटर शिकवतात ते तास), तुमची टीपी (टीचिंग प्रॅक्टिस), गटातल्या इतरांच्या टीपी बघणं आणि फीडबॅक एवढंच येतं. लेसन प्लॅन, वर्कशीट, प्रत्येक धड्यानंतरचं लेखी स्वमूल्यमापन आणि चार असाइनमेंट या सहा तासांबाहेर. संध्याकाळचे दोन तास म्हणजे दुसऱ्या दिवशीच्या धड्याचे दोन तास, आणि ते भरून काढायला जागा नसते.

प्रत्यक्ष शिकवणं एकूण 6 तास, तेही किमान दोन वेगवेगळ्या पातळ्यांच्या विद्यार्थ्यांना. 45 मिनिटांचा एक धडा धरला तर आठ धडे. सुरुवातीच्या धड्यांना ट्यूटर बरंच हाताशी धरतात, काय शिकवायचं, कोणतं पान, कोणत्या क्रमाने, सगळं सांगतात. ही मदत आठवड्यागणिक कमी होत जाते. तिसऱ्या आठवड्यात विद्यार्थ्यांची पातळी बदललेली असते, असाइनमेंट साचलेल्या असतात आणि प्लॅन जवळजवळ सगळा तुमचा असतो. गाडी घसरते ती बहुधा इथे.

पद्धतींवरची पुस्तकं आत्ता वाचू नका. कोर्स तुम्हाला काहीच येत नाही असं धरून चालतो आणि पद्धती तिथेच करवून घेतो. वाचायचीच तर वर्गव्यवस्थापन आणि धड्याचं नियोजन ही दोन प्रकरणं पुरे. व्याकरणाचा मात्र पाया घालायला कोर्समध्ये कोणाकडेच वेळ नसतो. ट्यूटर 'प्रेझेंट परफेक्टचा अर्थ वर्गात कसा पोचवाल' यावर बोलतील, प्रेझेंट परफेक्ट म्हणजे काय हे तुम्हाला ठाऊक आहे असं गृहीत धरून.

कोर्सआधीचा टास्क लिहून सोडवा, नुसता वाचू नका. त्यातला भाषाविश्लेषणाचा भाग आधी घ्या. उत्तरसूची सोबत असली तर प्रत्येक विभाग पूर्ण झाल्यावरच उघडा.

अनुस्वार
व्याकरण 'किती' याचं उत्तर: प्रचलित बारा काळरूपं, चार कंडिशनल, मुख्य मोडल, पॅसिव्ह, रिपोर्टेड स्पीच, तुलनादर्शक विशेषणं, आर्टिकल, रिलेटिव्ह क्लॉज आणि फ्रेझल व्हर्बचे प्रकार. टीपीत बहुतेक हेच वाट्याला येतं.

'कसं' हे जास्त महत्त्वाचं. स्वाध्यायांच्या पुस्तकातल्या रिकाम्या जागा भरत बसू नका, त्या तुम्हाला भरता येतातच. यादीतलं शिक्षकांसाठी लिहिलेलं व्याकरणाचं एक पुस्तक घ्या आणि प्रत्येक मुद्द्याचं एक पान करा. पानावर सगळ्यात वर संदर्भासकट एक वाक्य. त्याखाली अर्थ, तुमच्या शब्दांत, दोन ओळींत. मग तो अर्थ तपासणारे तीन प्रश्न (सीसीक्यू) त्यांच्या अपेक्षित उत्तरांसह. मग रचना: होकारार्थी, नकारार्थी, प्रश्नार्थक. मग उच्चार: आघात कुठे, कोणते शब्द जोडून किंवा आखूड होऊन येतात. शेवटी विद्यार्थी कुठे चुकतील असे दोन मुद्दे आणि प्रत्येकावर तुम्ही काय कराल. लेसन प्लॅनमधल्या भाषाविश्लेषणाच्या तक्त्यात हेच भरावं लागतं. अशी वीसेक पानं हाताशी असली की कोर्सच्या रात्री तो तक्ता भरायला दोन तासांऐवजी वीस-पंचवीस मिनिटं लागतात.

नमुना म्हणून 'ही'ज लिव्ड हिअर फॉर टेन इयर्स' घ्या. अर्थ: राहणं भूतकाळात सुरू झालं, अजून चालू आहे. प्रश्न: 'डज ही लिव्ह हिअर नाउ?' येस. 'डिड ही कम हिअर लास्ट वीक?' नो. 'व्हेन डिड ही कम?' टेन इयर्स अगो. रचना: कर्ता, हॅव किंवा हॅज, क्रियापदाचं तिसरं रूप. उच्चार: 'ही हॅज' सुटं नाही, 'हीज'; 'फॉर'मधला स्वर जवळजवळ नाहीसा होतो. संभाव्य चूक: 'ही इज लिव्हिंग हिअर सिन्स टेन इयर्स'. यावर उपाय: फळ्यावर काळरेषा, दहा वर्षांपूर्वीच्या बिंदूपासून 'आत्ता'पर्यंत नागमोडी ओळ, आणि 'फॉर'पुढे कालावधी, 'सिन्स'पुढे सुरुवातीचा क्षण असे दोन रकाने.

पाटीपेन्सिल
लोक कुठे अडकतात, याबद्दल. भाषा कच्ची म्हणून धडा फसणं तसं कमी. मिनिटांचा हिशेब आणि सूचना, या दोन गोष्टी जास्त नडतात.

आधी मिनिटं. 45 मिनिटांचा वाचनाचा धडा साधारण असा बसतो: विषयप्रवेश 5, अडणारे शब्द 6, मजकुराचा गाभा पकडण्यासाठी झरझर वाचन 4, तपशिलाच्या प्रश्नांसाठी वाचन 10, जोडीत उत्तरं पडताळणं 3, वर्गात उत्तरं 4, विषयाला धरून बोलणं 10, शेवटी चुकांचा आढावा 3. नवखा शिक्षक शब्दांवर सहाऐवजी पंधरा मिनिटं घालवतो, कारण मजकुरात दिसलेला प्रत्येक अवघड शब्द त्याला समजावून सांगावासा वाटतो. मग शेवटचं बोलणं कापलं जातं आणि 'विद्यार्थी या विषयावर बोलतील' हे प्लॅनमधलं उद्दिष्ट कागदावरच राहतं. ट्यूटर नेमकं हेच टिपतात. शब्द निवडताना एकच कसोटी लावा: हा शब्द कळला नाही तर दिलेल्या प्रश्नाचं उत्तर अडेल का? अडत नसेल तर सोडून द्या. पाच शब्दांच्या वर जाऊ नका. आणि उशीर झालाच तर कोणता टप्पा गाळायचा, ते प्लॅन लिहितानाच ठरवून त्यावर खूण करून ठेवा. वर्गात उभं राहून ते सुचत नाही.

सूचनांचं तंत्र आत्ताच घोटता येतं. इंग्रजीच्या कोणत्याही पाठ्यपुस्तकातले दहा स्वाध्याय घ्या. प्रत्येकाची तोंडी सूचना तीन वाक्यांच्या आत लिहा, छोटी आणि शक्यतो आज्ञार्थी: 'रीड द स्टोरी. आन्सर क्वेश्चन वन. यू हॅव टू मिनिट्स.' 'आय'ड लाइक यू टु जस्ट हॅव अ क्विक लुक ॲट' अशा सौजन्याच्या शेपट्या प्राथमिक पातळीवर विद्यार्थ्यांना बुडवतात. लिहिलेलं मोठ्याने म्हणून बघा. कागद वाटायचे ते सूचना झाल्यावर. आधी वाटले की माना खाली जातात आणि तुमचं बोलणं हवेत विरतं. पहिलं उत्तर सगळ्यांनी मिळून सोडवून दाखवा. 'समजलं का?' असं विचारू नका, त्याला सगळे हो म्हणतात. 'आर यू रायटिंग ऑर स्पीकिंग?', 'अलोन ऑर विथ अ पार्टनर?' असं विचारा.

आणखी एक सवय आत्ताच मोडायला घ्या: समोरच्याचं उत्तर आपण पुन्हा उच्चारणं. विद्यार्थी 'पॅरिस' म्हणतो, शिक्षक 'पॅरिस, येस, पॅरिस, व्हेरी गुड' म्हणतो. त्यामुळे विद्यार्थी एकमेकांचं ऐकेनासे होतात. शिक्षक परत सांगणारच आहे हे त्यांना कळून चुकतं.

मध्यंतर
सगळं पटलं, पण उच्चारांकडे कोणी नीट वळलं नाही, आणि मराठी बोलणाऱ्यांनी तिकडे वेळ द्यायलाच हवा. परदेशी धाटणीचा ॲक्सेंट कमवायची गरज नाही. स्पष्ट आणि अचूक नमुना देता आला पाहिजे, आणि उच्चार फळ्यावर दाखवता आला पाहिजे.

ध्वनिचिन्हांचा तक्ता बघून घाबरायला होतं, पण हिशेब करा. ब्रिटिश उच्चारांच्या नेहमीच्या तक्त्यात 44 चिन्हं: 24 व्यंजनं, 20 स्वर. व्यंजनांपैकी 16 रोमन अक्षरंच आहेत, आवाजही तोच. उरली 8. त्यातलं एक फसवं आहे: रोमन 'जे'सारखं दिसणारं चिन्ह 'य'चा आवाज दाखवतं. व्यंजनं दोन-तीन बैठकींत होतात, स्वरांना आठवडा द्या. रोज दहा शब्द चिन्हांत लिहा आणि शब्दकोशाशी ताडून बघा.

चिन्हांच्याही आधी शब्दांवरचा आघात. 'फोटोग्राफ' पहिल्या अवयवावर (सिलेबलवर), 'फोटोग्राफर' दुसऱ्यावर, 'फोटोग्राफिक' तिसऱ्यावर. मराठीत आघात सरकल्याने शब्द कळायचा थांबत नाही, इंग्रजीत थांबू शकतो. म्हणून आपल्या कानाला ही सवय मुद्दाम लावावी लागते. शिकवायच्या प्रत्येक नव्या शब्दावर, आघात असलेल्या अवयवाच्या डोक्यावर लहान गोल काढायचा.

'व्ही' आणि 'डब्ल्यू'साठी आरसा घ्या. 'व्हेस्ट' म्हणताना वरचे दात खालच्या ओठाला टेकले पाहिजेत. 'वेस्ट' म्हणताना दात दिसताच कामा नयेत, दोन्ही ओठ गोल होऊन पुढे येतात. आपण दोन्हीकडे मधलाच एक 'व' वापरतो आणि वर्गात ड्रिल घेताना तोच तीस वेळा म्हणून घेतो.

किनारा
सगळ्यांचे मनापासून आभार, कामाला लागले. अनुस्वार, 'युज्ड टु'चं पान केलंय, बघाल का? वाक्य: 'आय युज्ड टु प्ले टेनिस.' सीसीक्यू: 'डिड आय युज टु प्ले टेनिस?' 'इज इट अ पास्ट हॅबिट?' 'डू यू अंडरस्टँड द डिफरन्स बिट्वीन पास्ट अँड प्रेझेंट?'

शिवाय असाइनमेंटबद्दलही कोणी सांगाल का?

अनुस्वार
तिन्ही बदलावे लागतील, आणि तिन्हींची कारणं वेगळी आहेत. पहिल्या प्रश्नात जे शिकवायचंय तीच रचना वापरली आहे. ज्याला ती कळलेली नाही त्याला प्रश्नच कळणार नाही, आणि कळल्यासारखं दाखवायचं असेल तर तो 'येस' म्हणून मोकळा होईल. दुसऱ्यातला 'हॅबिट' हा शब्द या पातळीच्या विद्यार्थ्याला मूळ वाक्यापेक्षा जड जाऊ शकतो. तिसरा अर्थ तपासतच नाही, विद्यार्थ्याचं स्वतःबद्दलचं मत विचारतो.

असं करा: 'डिड आय प्ले टेनिस इन द पास्ट?' येस. 'वन्स ऑर मेनी टाइम्स?' मेनी टाइम्स. 'डू आय प्ले नाउ?' नो. वाक्याचे तीन घटक आहेत (भूतकाळ, वारंवार, आता नाही) आणि प्रत्येकाला एक प्रश्न. अर्थ आधी घटकांत फोडा, प्रश्न आपोआप सुचतात.

उच्चाराच्या रकान्यात लिहा: 'ड' ऐकू येत नाही, 'यूस्टु' असं एकसंध, आणि मधला आवाज 'स'चा, 'वापरणे' या अर्थाच्या क्रियापदातला 'झ'चा नाही. रचनेत नकार आणि प्रश्न करताना 'ड' लिहिण्यातूनही जातो: 'डिडन्ट युज टु'. 'आय ॲम युज्ड टु' त्याच धड्यात आणू नका. दिसायला सारखं, अर्थाने वेगळं. दोन्ही एकदम दिले की कायमचा गोंधळ होतो. कोणी विचारलंच तर 'गुड क्वेश्चन, अनदर डे' म्हणून पुढे जायचं.

खडू-फळा
असाइनमेंट चार, प्रत्येक 750 ते 1000 शब्दांची. एक विद्यार्थ्याच्या अभ्यासावर, एक भाषाविश्लेषणावर, एक वाचन-श्रवणादी कौशल्यांवर, एक वर्गातल्या स्वतःच्या अनुभवावर. समाधानकारक नसेल तर प्रत्येक एकदा सुधारून देता येते. परत येणं काही आभाळ कोसळणं नाही, पण सुधारणा आणि पुढची असाइनमेंट एकाच रात्री येऊन पडतात, म्हणून पहिलीच नीट द्या. परत येण्याचं एक साधं कारण म्हणजे दिलेल्या सूचनेतला एखादा उपप्रश्न सुटून जाणं. सूचनेतले उपप्रश्नच मथळे म्हणून टाइप करा आणि त्यांच्याखाली लिहा. शेवटी मथळे ठेवायचे की काढायचे ते केंद्राच्या पद्धतीवर ठरवा.

भाषाविश्लेषणाची असाइनमेंट म्हणजे अनुस्वार यांनी सांगितलेलं पानच, थोडं विस्ताराने. ती तयारी दोनदा कामी येते.

विद्यार्थ्याच्या असाइनमेंटसाठी साहित्य पहिल्या आठवड्यापासून जमवा. इतरांच्या टीपी बघताना वहीच्या एका पानावर दोन विद्यार्थी निवडून त्यांची वाक्यं जशीच्या तशी उतरवा, चुकांसकट, आणि जे बरोबर आलं तेही. कारण बलस्थानं दाखवायची असतात आणि ती उदाहरणं नंतर आठवत नाहीत. मुलाखतीचं ध्वनिमुद्रण करायचं तर विद्यार्थ्याची परवानगी आधी घ्या आणि दहा मिनिटांवर थांबा. लांबलेलं मुद्रण पुन्हा ऐकायला वेळ मिळत नाही.

पाटीपेन्सिल
संगणकावरची तयारी राहिली. लेसन प्लॅनचा कोरा तक्ता केंद्राकडून आधीच मागून घ्या, नमुन्यादाखल दोन धडे त्यात भरून बघा. कोर्स ऑनलाइन असेल तर झूमच्या ब्रेकआउट रूम (वर्गाचे छोटे गट पाडणाऱ्या खोल्या) उघडणं-बंद करणं, एकच खिडकी शेअर करणं आणि चॅटमध्ये दुवा टाकणं हे मित्रमंडळींना बसवून करून बघा. ब्रेकआउट रूममध्ये गेल्यावर विद्यार्थ्यांना तुमची शेअर केलेली स्क्रीन आपोआप दिसत नाही, म्हणून स्वाध्यायाचा दुवा खोल्या उघडण्याआधी चॅटमध्ये गेलेला असायला हवा. वर्गात शिकवणार असाल तर प्रती आदल्या दिवशीच काढून ठेवा, विद्यार्थ्यांच्या संख्येपेक्षा दोन जास्त. एक प्रत ट्यूटरना द्यावी लागते.