शाश्वत पशुपालनाचं हमीपत्र, पण त्यात मेंढरू कुठंय?

गोफण:
'देशीदूध' यांनी काल हमीपत्राचा मसुदा टाकला. मत मागायला येईल त्या प्रत्येक उमेदवाराकडून 'शाश्वत पशुपालनाला पाठिंबा' अशी सही घ्यायची म्हणे. मागण्या काय, तर देशी गाईला अनुदान, तालुक्याला गोशाळा, त्यांच्या ए-टू (ए2 प्रथिनाच्या) दुधाला वेगळा भाव आणि संकरित जनावरांना हळूहळू रजा. खाली सगळे वाहवा करतायत. तिथेच उत्तर लिहायला बसलो, ते लांबलं, म्हणून हा वेगळा धागा.

अहो, यावर सही करणार नाही असा उमेदवार दाखवा मला! 30 सप्टेंबर 2024 ला देशी गाय राज्यमाता झाली आणि पंधरवड्यात आचारसंहिता लागली. गोशाळेतल्या देशी गाईला दिवसाला 50 रुपये. शेतकऱ्याच्या दावणीच्या देशी गाईला त्यातलं काय? काही नाही. म्हणजे सांभाळलीत तर तुमचं तुम्ही बघा, गोशाळेत सोडून आलात की तिच्या नावाने पैसे सुरू. हे तुमचं शाश्वत?

सबंध मसुद्यात मेंढी नाही, शेळी नाही, गायरान नाही. विकतची पेंड न खाता, पडीक रानावर जगून दुसऱ्याच्या शेताला खत देणारं जनावर तुम्हाला दिसलंच नाही. पारनेर-संगमनेरकडचे वाडे, म्हणजे मेंढपाळांचे फिरते तळ, दिवाळीनंतर घाट उतरतात, कोकणात भाताच्या खाचरांत मेंढरं बसवतात आणि मृगाच्या सुमारास वर येतात. आता तारखा बघा. विधानसभेचं मतदान 20 नोव्हेंबर 2024, लोकसभेचं एप्रिल-मे. दोन्ही वेळा वाडा मुलखाबाहेर, गावात म्हातारीकोतारी तेवढी. उमेदवाराला हे पाठ असतं. आमच्या वस्तीवर प्रचाराची गाडी येते ती रस्ता पुढे जातो म्हणून. वाड्यावरच्या माणसाला जिथे असेल तिथून मत देता आलं पाहिजे, ही पहिली मागणी लिहा. बाकीच्या सह्या नंतर गोळा करा.

देशीदूध:
लाइक मोजायला मसुदा टाकला नव्हता, सूचना हव्या होत्या. दिल्यात, आभार. सूर जरा कमी लावला असता तरी ऐकू आलं असतं.

गाय पुढे का ठेवली ते सांगतो. राजकारण्याकडून जे निघण्यासारखं आहे ते आधी काढायचं, मग पुढचं. गाईच्या नावाने दार उघडतं. मेंढीचं नाव काढलं की वनखातं, गायरानाचं काढलं की अतिक्रमणवाले, आणि उमेदवार चहा न पाजता वाटेला लावतो. फिरत्या मतदाराचा मुद्दा बरोबर आहे, पण तो निवडणूक आयोगाकडे न्यायचा. आमदार त्यात काय करणार?

एसएनएफ_साडेआठ:
दोघंही शहाणे. एकाला गाय पूजायचीय, दुसऱ्याला मेंढरामागं फिरायचंय. मधे आम्ही एचएफवाले, म्हणजे होल्स्टीन संकरित गाई पाळणारे, ज्यांच्या दुधावर तुमचा चहा होतो, त्यांना 'हळूहळू रजा'!

2023 ला सरकारने 3.5 फॅट आणि 8.5 एसएनएफच्या (फॅट सोडून दुधातल्या घन घटकांच्या) गाईच्या दुधाला लिटरला 34 रुपये दर काढला. किती दिवस टिकला? वर्ष सरायच्या आत 25-26 वर आला. मग जानेवारी 2024 ला लिटरमागं 5 रुपये अनुदान, त्याला गाईच्या कानात बिल्ला पाहिजे, बिल्ल्याची नोंद ऑनलाइन पाहिजे, बँक खातं जुळलं पाहिजे. आमच्या संकलन केंद्रावरच्या पोराने निम्म्या गावाचे बिल्ल्यांचे नंबर चुकवले. आणि फॅट-एसएनएफ पॉइंटभर खाली गेलं की कापतात, वर गेलं की तेवढं देत नाहीत. मशीन त्यांचं, मीटर त्यांचं, आम्ही फक्त कॅन धुवायचे. उसाला एफआरपी, म्हणजे किमान दर, कायद्याने आहे, दुधाला का नाही? हे एक कलम घाला, बाकीचा मसुदा फाडून टाका.

गोफण:
हे कलम घालाच, माझा विरोध नाही. पण दूधवाले 'शाश्वत' हा शब्द ऐकून एवढे का चवताळतात? मुरघासाचा मका कुणाच्या पाण्यावर येतो, सरकी पेंडीचं पोतं कितीला पडतं, हे तुम्हीच हिशोबात धरत नाही.

एसएनएफ_साडेआठ:
हिशोब मला शिकवू नका. गोऱ्हा झाला की काय करायचं ते सांगा. एचएफचा गोऱ्हा औताला चालत नाही, उन्हात धापा टाकतो. 2015 च्या कायद्याने खाटकाला विकायची वाट बंद. माझ्याच गोठ्यात मागच्या वेतात झाला. चीक पाजला, वार पडेपर्यंत गाईजवळ ठेवला, आणि पहिलं मनात काय आलं? 'कालवड असती तर.' माझी बायको रडली होती त्या दिवशी, गोऱ्ह्यासाठी नाही, पेंडीच्या उधारीसाठी. शेजारच्या गावात रात्री कुणीतरी गोरे आणून सोडतं, ते ज्वारी खातात, भांडणं होतात. हा मुद्दा कोणत्या उमेदवाराने घेतला?

देशीदूध:
गोहत्या 2015 ला बंद झाली असं सांगू नका. गाईपुरता कायदा 1976 चा आहे.

एसएनएफ_साडेआठ:
मी गोऱ्हा म्हणालो. परत वाचा. 2015 ला वळू आणि बैल आत आले, म्हणजे मोठा झालेला गोऱ्हाही, तेच तर सांगतोय. म्हशीला ती सरसकट बंदी नाही. आता 2012 आणि 2019 ची पशुगणना शेजारी शेजारी ठेवा. राज्यातले गोवंश दीड कोटीच्या वर होते, ते 1.4 कोटींवर आले, म्हशी 56 लाखांच्या आसपास होत्या तिथेच आहेत. ट्रॅक्टरही कारण आहे, मान्य. पण गाय वाचवायच्या कायद्याने गाय वाढली असं मला तरी दिसत नाही.

घाटातला_गाडा:
मोहीम कशी करायची ते आमच्याकडून शिका राव. 7 मे 2014 ला सुप्रीम कोर्टाने बैलगाडा शर्यत बंद केली. आम्ही रस्त्यावर उतरलो. 2017 ला विधिमंडळाने कायदा केला, हायकोर्टात अडकला. 16 डिसेंबर 2021 ला अटी घालून परवानगी, 18 मे 2023 ला पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने शिक्का मारला. एकही पक्ष विरोधात उभा राहिला नाही. का? कारण प्रत्येक घाटाला, म्हणजे शर्यतीच्या धावपट्टीला, हजारो मतं उभी असतात आणि आमदार माईक धरून असतो. वर खिलार जात वाचली ती वेगळीच.

जंगलवाट:
खिलार शर्यतीने वाचली हे दरवेळी ऐकायचं का? घाटात पळतो तो बैल. जात टिकते गाईवर. खिलार गाय दूध किती देते, आणि गाडामालकांपैकी किती जणांच्या दावणीला ती आहे?

घाटातला_गाडा:
माझ्या दावणीला आहे. या, बघा, चहा पिऊन जा. दूध वासरापुरतं, घरात पाव लिटर उरलं तर नशीब. तरी पाळतो, कारण तिच्या खोंडाला किंमत आहे. बंदीच्या वर्षांत चांगली चांगली खोंडं बाजारातून माघारी आणली, गिऱ्हाईकच नव्हतं. चालू झाल्यावर दर कुठं गेला ते चाकणच्या बाजारात विचारा. तुम्ही जंगलवाले जनावर फोटोत बघता, पहाटे शेण आम्ही काढतो.

जंगलवाट:
शेण काढलं म्हणजे शेपटी पिरगाळायचा परवाना मिळत नाही.

घाटातला_गाडा:
अटी वाचल्यात का? काठी नाही, चाबूक नाही, डॉक्टरचा दाखला, व्हिडिओ शूटिंग. बारीपुढं, म्हणजे पळणाऱ्या गाड्यापुढं, घोडी असते, बैल तिच्यामागं मोकळा पळतो. कधी घाट बघितलाय? की पुण्यातूनच?

जंगलवाट:
नारायणगावला माझं आजोळ आहे. बघितलेत, आणि अटी किती पाळतात तेही बघितलंय. लाखाची बक्षिसं, जेसीबी, बुलेट. ती पशुपैदास नाही, इव्हेंट आहे. आणि गरीब शेतकऱ्याला त्यातलं काय?

एसएनएफ_साडेआठ:
यातलं एक बरोबर आहे. बुलेट देणारा आमदार दुधाच्या दराच्या आंदोलनात दिसत नाही.

घाटातला_गाडा:
कारण दूधवाले एकत्र येत नाहीत! 2018 ला दूध रस्त्यावर ओतलं, टँकर अडवले, मग लिटरला 25 रुपये कबूल झाले. नंतर? जो तो आपल्या डेअरीच्या मागं. आमच्यात गट-तट आहेत, पण घाट म्हटला की सगळे एक.

गोफण:
तुमच्या बैलाने माझा धागा ओढून नेला. जाऊ दे, यातून एक सिद्ध झालं. मतं एका जागी उभी दिसली की कायदा वाकतो. मेंढका दिसत नाही. डिसेंबर 2021 च्या पहिल्या दोन दिवसांत अवकाळी पाऊस आणि गारठा पडला, जुन्नर-आंबेगाव-पारनेरकडे हजारो मेंढ्या मेल्या. माझा चुलता तेव्हा रानात होता. लोकर भिजून जड झालेली, मेंढरं एकमेकांच्या पोटाखाली डोकं घालून उभी, आणि सकाळी कडेची उठलीच नाहीत. पंचनाम्याला आलेले साहेब नियम सांगून गेले, मदत कुटुंबामागं 30 पर्यंतच. एकतिसाव्या मेंढीचं काय करायचं ते विचारायचंय मला उमेदवाराला. तुम्हाला ए-टू चं पडलंय.

जंगलवाट:
वाईट झालं. पण गायरानं आणि माळरानं वाचवायची तर चराईला शिस्त हवीच. लांडगा-माळढोकाचा माळ बोडका झाला तर मेंढरूही उपाशी.

गोफण:
माळ मेंढरामुळे गेला? जगपाल सिंग खटल्यात 2011 ला सुप्रीम कोर्टाने गावाच्या सामाईक जमिनींवरची अतिक्रमणं काढा म्हणून बजावलं. आता सरकारच सौर कृषिवाहिनीच्या वीजप्रकल्पांसाठी गायरान देतंय. कुंपण घातलं की मेंढरू आत जात नाही, लांडगा पण नाही. शिस्त आधी कुंपणाला लावा.

एसएनएफ_साडेआठ:
सोलरला हात लावाल तर माझ्याशी गाठ आहे. दिवसा लाइट मिळणार त्यातून. रात्री दोनला बिबट्याच्या भीतीने काठी आपटत उसाला पाणी धरलंय कधी? चुलत्याबद्दल वाईट वाटलं, खरंच. पण गायरान तुला पाहिजे आणि लाइट मला पाहिजे, तर उमेदवार दोघांनाही हो म्हणेल आणि निघून जाईल.

देशीदूध:
बरं. 'संकरितांना रजा' हे वाक्य काढतो, त्यावर सही मिळवून तुमच्या शिव्या खायची हौस नाही. दुधाचा हमीदर घालतो. 30 ची अट काढावी, हे घालतो. गायरान सोलरला देण्याआधी ग्रामसभेत मेंढपाळांनाही बोलवावं, इतपत घालता येईल. गोऱ्ह्यांचं कलम मात्र घालणार नाही. ते घातलं तर एकही सही मिळणार नाही आणि माझ्या घरावर मोर्चा येईल.

एसएनएफ_साडेआठ:
म्हणजे खरं दुखणं सोडून सगळं. छान. मग गोशाळाही काढा त्यातून, नाहीतर आमच्या गावातले मोकाट गोरे तिथे न्यायचा खर्च कोण देणार ते लिहा.

गोफण:
फिरत्या मतदाराचं कलम?

देशीदूध:
घातलं. सगळ्यात शेवटी.

गोफण:
वाटलंच.

घाटातला_गाडा:
सह्यांचा कार्यक्रम आमच्या घाटात ठेवा. सगळ्या पक्षांचे उमेदवार एका दिवसात सापडतील, पेट्रोल वाचेल. जंगलवाट यांनाही आमंत्रण, मोजपट्टी घेऊन या. मेंढकेबुवा, तुमचा वाडा तोवर घाटाखाली गेला असेल, तर तुमच्या वतीने माईकवर कोण बोलणार ते आधी कळवा.