रॅममध्ये एरर आली की व्होल्टेज वाढवा? रोग रेड्याला, औषध पखालीला!

घड्याळजी (धागालेखक)

शीर्षकातली म्हण मुद्दाम टाकलीय, कारण गेले तीन आठवडे मी नेमकं तेच करत बसलो होतो.

आधी मशीन सांगतो. एएम४ मदरबोर्ड, रायझन ५००० मालिकेतला प्रोसेसर, १६-१६ जीबीच्या दोन डीडीआर४ स्टिक. एक्सएमपी (रॅमच्या कंपनीने आधीच ठरवून दिलेली वेगवान सेटिंग) ३६००, टायमिंग (रॅमच्या एकेका कामाला घड्याळाचे किती ठोके द्यायचे ते आकडे) १६-१६-१६-३६, व्होल्टेज १.३५. जाणकारांनी ओळखलं असेलच, सॅमसंगची बी-डाय ही मेमरी चिप. ३६००वर कित्येक महिने काही कुरबूर नव्हती. मग हाव सुटली. ३८०० केलं, एफसीएलके (प्रोसेसरच्या आतल्या भागांना जोडणाऱ्या फॅब्रिकचं घड्याळ) १९००ला नेलं आणि कुणाच्या तरी स्क्रीनशॉटमधून टीआरएफसी (रॅमच्या एका रिफ्रेशला दिलेला वेळ) २६६ उचललं. बूट झालं. टेस्टमेम५ हा रॅम तपासणारा प्रोग्राम लावला. पहिली पस्तीस मिनिटं शांतता, मग एक एरर, थोड्या वेळाने आणखी दोन.

ज्याला विचारावं तो एकच सांगतो, व्होल्टेज वाढव. वाढवलं. १.४०ला एरर तिसाव्या मिनिटाला आली, १.४५ला विसाव्या. औषधानेच ताप चढत होता! शेवटी वैतागून १.४०वर परत आलो आणि टीआरएफसी २६६चं ३०४ केलं. रात्रभर टेस्ट चालली, शून्य एरर.

तेव्हा माझं म्हणणं असं: 'आधी व्होल्टेज' हा सल्ला निव्वळ आळशीपणाचा आहे. आधी एकेक टायमिंग सैल करावं, कोणतं बोंबलतंय ते शोधावं, आणि कुठेच काही सापडलं नाही तरच व्होल्टेजला हात लावावा. ज्यांचं मत वेगळं असेल त्यांनी कारणासकट लिहावं.

सव्वाव्होल्ट

सपशेल असहमत. आणि कारण तुमच्याच धाग्यात आहे.

एकाच वेळी दोन गोष्टी बदलल्यात तुम्ही. व्होल्टेज १.४५वरून १.४०ला आणलं आणि टीआरएफसीही सैल केलं. मग श्रेय कुणाचं ते कसं ठरवलंत? टेस्ट चालू असताना स्टिकचं तापमान किती होतं, हे तर लिहिलंच नाही. पस्तीस मिनिटं सुरळीत आणि मग एरर, हा प्रकार मला तरी उष्णतेचा वाटतो. व्होल्टेज खरंच कमी पडत असतं तर एरर पहिल्या पाच-दहा मिनिटांत आली असती, कदाचित बूटच झालं नसतं.

डीरॅमचा प्रत्येक सेल म्हणजे एक इवलासा कपॅसिटर. तो गळका असतो, म्हणून तर रिफ्रेश लागतो. तापमान वाढलं की गळती वाढते. टीआरएफसी म्हणजे त्या रिफ्रेशला दिलेला वेळ, आणि तो तुम्ही कापलात. बी-डाय या बाबतीत नाजूक आहे, आवळलेलं टीआरएफसी आणि पन्नाशीपुढचं तापमान तिला एकत्र झेपत नाही. १.३५चं १.४५ केलंत तर व्होल्टेजच्या वर्गाच्या ढोबळ हिशेबाने उष्णता पंधरा टक्क्यांच्या आसपास वाढते. स्टिकवर वारा नसेल तर ती जाणार कुठे?

तेव्हा गुन्हेगार व्होल्टेज नव्हे. तुमच्या केसमधला न लावलेला पंखा आहे.

बाकी बी-डायइतकी व्होल्टेजला दाद देणारी डीडीआर४ चिप नाही. १.५ व्होल्टचं एक्सएमपी छापलेले किट बाजारात आले ते उगाच नाही. टायमिंग सैल करून एरर घालवणं म्हणजे पेपर सोपा करून पास होणं. पास झालात, मान्य. पण अभ्यास?

घड्याळजी

दोन गोष्टी एकदम बदलल्याचा आरोप कबूल. रात्रीचे दोन वाजले होते, एवढंच सांगतो.

तापमान आत्ता लॉगमध्ये पाहिलं. १.४५ला ५२ अंश होतं, १.४०ला ४९. पण मग तुमचंही म्हणणं शेवटी 'व्होल्टेज वाढवा, मग पंखा लावा, मग पंख्याचा आवाज सहन करा' असंच झालं ना? मी एक आकडा बदलला आणि गप्प झोपलो.

मोजूनमापून

भांडण चालू द्या, मी फक्त हिशेब मांडतो.

३८०० म्हणजे घड्याळ १९०० मेगाहर्ट्झचं. टीआरएफसी २६६ म्हणजे १४० नॅनोसेकंद, ३०४ म्हणजे १६०. डीडीआर४मध्ये रिफ्रेशची हाक दर ७.८ मायक्रोसेकंदांनी येते. म्हणजे २६६ला रॅमचा १.८ टक्के वेळ रिफ्रेशमध्ये जातो, ३०४ला २.०५ टक्के. फरक पाव टक्क्याचा.

पाव टक्का! एवढ्यासाठी तीन आठवडे आणि एक धागा.

उलट ८ गिगाबिटच्या चिपसाठी जेडेक या मानकं ठरवणाऱ्या संस्थेने ठरवलेले ३५० नॅनोसेकंद घेतले तर साडेचार टक्के जातात. तिथून १६०पर्यंत येण्यात खरी कमाई आहे, आणि ती बी-डायवर बहुतेक वेळा सहज पदरात पडते. त्यापुढची शेवटची वीस नॅनोसेकंद निव्वळ मिरवायला.

सव्वाव्होल्ट यांचा शून्य विरुद्ध शंभर असा पवित्रा मात्र पटला नाही. टायमिंग सैल करणं म्हणजे पेपर सोपा करणं नव्हे. कोणत्या प्रश्नाला वेळ जास्त लागतो ते ओळखणं आहे.

पोस्ट_बीप

एक्सएमपी लावा आणि झोपा. हाकानाका (हाय काय, नाय काय).

जुनंखोड

@पोस्ट_बीप, झोपायला हरकत नाही, पण डोळे पूर्ण मिटू नका. एक्सएमपी आणि एक्स्पो (एएमडीचं एक्सएमपी) हेही ओव्हरक्लॉकिंगच आहे. डीडीआर४चं प्रमाणित व्होल्टेज १.२, डीडीआर५चं १.१. त्यावर जे काही आहे ते पदरच्या जबाबदारीवर, एएमडी तर वॉरंटीच्या तळटिपेत तसं छापतेही. शिवाय एक्सएमपी चालू करताच बरेच बोर्ड प्रोसेसरच्या आतलं व्होल्टेजही गुपचूप वाढवतात. २०२३च्या एप्रिलमध्ये रायझन ७००० मालिकेतले एक्स३डी प्रोसेसर जळाल्याचे फोटो फिरत होते, आठवतंय? त्यानंतर नवीन बायोस आली आणि एसओसी (प्रोसेसरमधल्या मेमरी कंट्रोलरच्या बाजूच्या) व्होल्टेजला १.३ची मर्यादा घातली गेली. त्यातल्या कितीतरी लोकांनी एक्स्पो लावून झोपण्यापलीकडे काहीही केलं नव्हतं.

आता मूळ वादाबद्दल. तुम्ही दोघंही 'व्होल्टेज, व्होल्टेज' करताय, पण कोणतं ते कुणीच सांगत नाही. रॅमचं एक. एएमडीवर मेमरी कंट्रोलरच्या बाजूचं एसओसी वेगळं, फॅब्रिकचं व्हीडीडीजी वेगळं, आणि ते एसओसीच्या किमान ४० मिलिव्होल्ट खाली राहावं लागतं. इंटेलवर हेच काम सिस्टम एजंटचं व्होल्टेज करतं. दुखणं कंट्रोलरला असेल तर रॅमला १.५ द्या नाहीतर १.६, काही उपयोग नाही. शीर्षकातली म्हण खरी लागू पडते ती इथे.

आणि सगळ्याच चिप व्होल्टेजचं ऐकतात असंही नाही. मायक्रॉनच्या रेव्ह-ई चिपवर सीएल (वाचनाची आज्ञा दिल्यापासून डेटा येईपर्यंतचा वेळ) उतरतं, पण टीआरसीडी (मेमरीची ओळ उघडल्यावर वाचन सुरू करेपर्यंतचा वेळ) हटून बसतं. तिथे 'आधी व्होल्टेज'वाल्यांनी डोकं आपटून घ्यावं.

घड्याळजी, एक काम करा. विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये व्हिया-लॉगरच्या (हार्डवेअरच्या चुका टिपणाऱ्याच्या) नोंदी पाहा. १९ क्रमांकाच्या दिसतात का?

सव्वाव्होल्ट

@जुनंखोड, रेव्ह-ईचा मुद्दा मान्य. पण धागा बी-डायचा आहे. सगळ्या चिपांचे नियम एकाच चिपला लावायचे का?

@मोजूनमापून, पाव टक्का दिसतो कारण तुम्ही फक्त टीआरएफसी मोजलंत. १.४५ व्होल्टला सीएल १४ मिळालं तर? ३८००वर सीएल १६ म्हणजे ८.४२ नॅनोसेकंद, सीएल १४ म्हणजे ७.३७. प्रत्येक वाचनात एक नॅनोसेकंदापेक्षा जास्त. ही कमाई टायमिंग सैल करून कधीच मिळणार नाही. व्होल्टेजला शेवटच्या बाकावर बसवलंत की हा दरवाजाच बंद झाला.

शून्य_एरर

मी इंटेलवाला, त्यामुळे थोडं अवांतर. आमच्याकडे टीआरईएफआय हाताने बदलता येतं. ६५५३५ टाकलं की दोन रिफ्रेशमधलं अंतर ७.८चं चौतीस मायक्रोसेकंद होतं. बेंचमार्क सुंदर येतात. दुपारी टेस्ट करून खूश झालो. मग एक लांबलचक गेमचं सत्र झालं, ग्राफिक्स कार्डाची गरम हवा थेट स्टिकवर, आणि एक झिप फाइल उघडेचना. सीआरसी एरर. मागचा आठवडाभर त्या ड्राइव्हवर काय काय लिहिलं गेलं असेल या विचाराने पोटात गोळा आला. निळा पडदा परवडला, तो निदान सांगून तरी येतो. चुकीचा बिट मुकाट्याने डिस्कवर जाऊन बसतो.

माझा पक्ष कोणता? टायमिंगवाल्यांचा, पण टेस्ट ग्राफिक्स कार्ड तापवून करा. एकट्या रॅमची टेस्ट म्हणजे रिकाम्या रस्त्यावरची ड्रायव्हिंग टेस्ट. आणि एररच्या क्रमांकावरून कोणतं टायमिंग बिघडलं ते सांगणाऱ्या याद्या फिरतात, त्या पत्रिकेइतक्याच गांभीर्याने घ्या.

घड्याळजी

चार रात्री घालवल्या. या वेळी एका वेळी एकच बदल, सव्वाव्होल्ट यांच्या धाकाने.

१.४५, टीआरएफसी २६६, स्टिकवर १२० मिमीचा पंखा टांगून: तापमान ४३, सहा तास, शून्य एरर.

१.४५, टीआरएफसी ३०४, पंखा नाही: चौथ्या तासाला एक एरर.

१.४०, टीआरएफसी ३०४, पंखा नाही: शून्य. पुन्हा केली, पुन्हा शून्य.

१.४०, टीआरएफसी २६६, पंखा लावून: शून्य.

म्हणजे १.४०च्या वरचं व्होल्टेज मला कुठेच लागत नव्हतं. पंखा किंवा टीआरएफसी, दोहोंपैकी एकाने काम झालं असतं. धाग्यातलं वाक्य सुधारतो: आधी तापमान, मग टायमिंग, मग व्होल्टेज.

आणि जुनंखोड, तुमच्यावर थोडा रागच आहे. इव्हेंट व्ह्यूअर उघडला. १९ क्रमांकाच्या नोंदी शेकड्यांनी. टेस्टमेम५ शून्य दाखवत होतं त्या रात्रीसुद्धा!

जुनंखोड

वाटलंच होतं. ती फॅब्रिकची तक्रार आहे. चूक होते आणि जागच्या जागी दुरुस्त होते, म्हणून मेमरी टेस्टला पत्ता लागत नाही. खात्री करायची तर रॅम ३२००ला उतरवा, टायमिंग साधी ठेवा आणि एफसीएलके एकटाच १९००वर राहू द्या. तरीही नोंदी आल्या तर रॅम निर्दोष सुटली.

घड्याळजी

आल्या. एसओसी १.०५पासून १.१५पर्यंत फिरवून पाहिलं, व्हीडीडीजी सोबत हलवलं, फरक नाही. एफसीएलके १८६७ केला तशा बंद झाल्या. आता रॅम ३७३३, सीएल १६, टीआरएफसी ३००, १.४० व्होल्ट. दोन दिवसांत एकही नोंद नाही.

सव्वाव्होल्ट

म्हणजे तीन आठवडे ज्या रॅमला झोडपत होतात ती बिचारी ३८०० करायला तयारच होती.

पण एक सांगा, एसओसी १.१५लाच का थांबलात? १.२ला १९०० कदाचित शांत झाला असता.

मोजूनमापून

झाली का पुन्हा सुरुवात! ३८०० आणि ३७३३मध्ये सीएल १६चा फरक ०.१५ नॅनोसेकंद आहे हो.

सव्वाव्होल्ट

०.१५ तर ०.१५. आपलं आहे ना ते.

पोस्ट_बीप

तुमचं होईपर्यंत माझी दोन आठवड्यांची झोप झाली. जाता जाता ते व्हियाचं मीही उघडून पाहिलं. एक्सएमपीवर, काहीही न छेडता, १९च्या सात नोंदी. आता?