मदत हवी आहे: लिस्ट वाढली की खालचं बटण स्क्रीनबाहेर जातं (फ्लटर)

फ्लटरमध्ये (अ‍ॅप बनवण्याचं गूगलचं टूलकिट) अ‍ॅपची एक स्क्रीन करतोय. वर टेक्स्टफील्ड (मजकूर टाइप करायची चौकट), मध्ये लिस्ट, लिस्टच्या लगेच खाली ‘सेव्ह करा’ बटण. दोन-तीन आयटम असतील तर बटण शेवटच्या आयटमला चिकटून हवं. आयटम वाढले की बटण खाली सरकत स्क्रीनच्या तळाशी थांबावं आणि मग फक्त लिस्ट स्क्रोल व्हावी.

कॉलममध्ये (घटक एकाखाली एक मांडणारा) लिस्टव्ह्यू (स्क्रोल होणारी यादी) एक्स्पांडेडमध्ये (उरलेली सगळी जागा व्यापायला लावणारं आवरण) टाकला, तर दोनच आयटम असतानाही बटण थेट तळाला जातं, मध्ये मोठी पांढरी जागा उरते. एक्स्पांडेड काढून लिस्टव्ह्यूचं श्रिंकरॅप (आयटमपुरतीच उंची घ्यायचं सेटिंग) ट्रू केलं. कमी आयटमना अगदी हवं तसं दिसलं, पण यादी वाढली की तळाशी ओव्हरफ्लोची (जागेत मावत नसल्याची) पिवळी-काळी पट्टी येते आणि बटण गायब. स्टॅकमध्ये (घटक एकावर एक ठेवणारा) बटण तळाला बसवलं, तर शेवटचा आयटम त्याच्यामागे झाकला जातो.

सगळंच सिंगलचाइल्डस्क्रोलव्ह्यूमध्ये (आतलं सगळं एकत्र स्क्रोल करणारं आवरण) टाकायचं नाही, कारण मग बटणही स्क्रोल होतं. आयटमची उंची सारखी नाही, त्यामुळे मोजून ठरावीक उंची देणंही जमणार नाही. कीबोर्ड उघडा असतानाही बटण दिसायलाच हवं, आयटम तिथूनच भरले जातात.

लिस्टने स्वतःपुरतीच उंची घ्यावी, पण उरलेल्या जागेपेक्षा जास्त नाही, यासाठी तिला नेमकं कशात गुंडाळायचं?