मदत हवी आहे: १९८४ च्या जीप सीजे-७ ला स्नो प्लाऊ (बर्फ ढकलायचं पातं), पुढचे पाटे (लीफ स्प्रिंग) दबतात

नमस्कार मंडळी. मी अमेरिकेत व्हरमाँटला असतो. जीप सीजे-७ आहे, ४.२ लिटरचं सहा सिलिंडर इंजिन, पुढे डाना ३० अ‍ॅक्सल, पाटे मूळचेच. तिला साडेसहा फुटी जुना प्लाऊ बसवलाय, इलेक्ट्रिक-हायड्रॉलिक पंपाचा. माउंट चासीला नटबोल्टने पक्का आहे, तिथे अडचण नाही.

पातं उचललं की गाडीचं नाक दोन इंच खाली जातं आणि मागची चाकं हलकी होऊन घसरतात. मागच्या अ‍ॅक्सलच्या मागे ७० किलो वाळूची पोती बांधली. घसरणं बरंच थांबलं, पण नाक तसंच. शॉक अ‍ॅब्सॉर्बर नवे टाकले, फरक शून्य (पडायलाही नको होता, वजन पाटेच पेलतात).

काम फक्त घरासमोरच्या ६० मीटर चढाच्या खडीच्या रस्त्याचं, सार्वजनिक रस्त्यावर प्लाऊ लावून जायचं नाही. चासीवर वेल्डिंग नको. उन्हाळ्यात प्लाऊ काढून गाडी मूळ रूपात चालवतो, तेव्हा ती दणके देणारी नको.

मग पुढे एकेक जादा पाटा घालावा की काढता येणाऱ्या एअरबॅग (स्प्रिंगला आधार देणाऱ्या हवेच्या पिशव्या)? सीजेवर कोणी यांतलं काही वापरलंय का, आणि प्लाऊ काढल्यावर गाडी कशी चालते?