अनुभव धागा: विधवाप्रथा बंदीचा ठराव आणि आपलं घर

४ मे २०२२ ला कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाडच्या ग्रामसभेनं विधवाप्रथा, म्हणजे नवरा गेल्यावर बाईचं कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, मंगळसूत्र काढणं, बंद करण्याचा ठराव केला. शाहू महाराजांच्या स्मृतिशताब्दीचे ते दिवस. पुढे सरकारनं इतर ग्रामपंचायतींनाही तसं आवाहन केलं. फुले, आगरकर, शाहू आपण वाचतो, मानतो. घरात माणूस गेलं त्या दिवशी त्यातलं काय उपयोगी पडलं? लिहा. गावाचं, नातेवाइकांचं नाव नको.

प्राध्यापिका, सांगली जिल्हा

मामा गेले. अंगणात तिरडी बांधत होते, आणि भावकीतल्या दोघी म्हाताऱ्या मामीला उठवायला आत आल्या. मी राज्यशास्त्र शिकवते, व्यक्तिस्वातंत्र्य हा रोजचा विषय. तिथं त्यातलं एक वाक्य चालेना. थोरली म्हणाली, "आमच्या बांगड्या वाढवल्या, फोडल्या, मग हिच्याच का नकोत?" मला त्यात दुष्टावा दिसला नाही. जिनं ते निमूट सोसलं, तिला आज 'ते अन्यायाचं होतं' म्हणायचं तर तिच्या सोसण्याला आपण काय किंमत देतो? याचं उत्तर मला अजून नीट देता येत नाही. शेवटी मामांचे चुलतभाऊ दारात उभे राहिले. "ग्रामसभेत मी हात वर केलाय. आमच्या घरात हे चालायचं नाही." मामीच्या बांगड्या, जोडवी, मंगळसूत्र, सगळं राहिलं. ठरावात शिक्षा नाही म्हणून त्याला हसणाऱ्यांना मी हे सांगते: घरातल्या ज्या माणसाला नाही म्हणायचं असतं, त्याच्या पाठीशी गाव उभं राहतं.

पुणे

आमच्याकडे उलट झालं. आईनं कुंकू आपणहून सोडलं. आम्ही भावंडं मागे लागलो, तर म्हणाली, "कपाळ माझं आहे." तो हक्क तिचाच. पण संक्रांतीला शेजारच्या हळदीकुंकवाचं बोलावणं आलं नाही तेव्हा ती रडली. कुंकू सोडणं तिनं ठरवलं होतं, वगळलं जाणं नव्हे. आता सोसायटीत आम्ही सरसकट सगळ्या बायकांना बोलावतो. दोघी-तिघी त्यामुळे यायच्या थांबल्या. थांबू देत.

लातूर

वहिनीच्या बांगड्या कुणी फोडल्या नाहीत, पण सातबाऱ्यावर नाव लावायला भावकी आडवी आली. जोतिबा-सावित्रीबाईंनी १८६३ मध्ये पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढून विधवांना आधी आसरा दिला, ते मला फार मोलाचं वाटतं. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्यानं विधवा पहिल्या वर्गाची वारस आहे. दिवसकार्य आटोपलं की मृत्यूचा दाखला घेऊन वारस नोंदीचा अर्ज तलाठ्याकडे द्या आणि पोच मागून घ्या. हक्कसोडपत्रावर तिची सही कुणी घाईनं मागत असेल, तर घरातल्या कुणीतरी तिथंच अडवा.