प्लेगची कादंबरी गणेशखिंडीतच का संपते?

अर्धवट_वाचक: पुण्याच्या प्लेगवरची एक कादंबरी अर्ध्यात ठेवून दिली. शंभर पानं नुसते उंदीर, काखेतल्या गाठी आणि माळावरच्या झोपड्या. चापेकर येईपर्यंत काही घडतच नाही.

हडपसरकर: घडत नाही? घरंच्या घरं ओस पडतात, ते घडणं नाही का? आपल्याकडे प्लेग म्हटलं की प्लेग-अधिकारी रँड, आणि चापेकरांनी त्याच्यावर गणेशखिंडीत गोळ्या झाडल्या की कादंबरी संपली. गोळ्या झाडल्या २२ जून १८९७ ला. त्याच वर्षी प्लेग पुण्यात पुन्हा आला, पहिल्याहून जबर. ते कोणी लिहायचं? सावित्रीबाई १० मार्चला गेल्या, मुंढव्याच्या एका आजारी पोराला पाठीवर घेऊन मुलाच्या, यशवंतरावांच्या दवाखान्यात आणल्यावर. त्यांना एका ओळीत उरकतात. मला ती शंभर पानंच हवीत.

सदाशिवपेठी: सावित्रीबाईंबद्दल आदरच आहे, पण म्हणून झडत्या विसरायच्या? सोजीर बुटांसकट देवघरात शिरले, बायकांना चव्हाट्यावर तपासलं. तो संताप हीच त्या काळाची गोष्ट.

डॉक्टरीणबाई: पद्धत रानटी होती, मान्य. पण रोगी वेगळे काढायला नकोत? हाफकिन या शास्त्रज्ञाने जानेवारी १८९७ मध्ये मुंबईत प्लेगची लस आधी स्वतःला टोचून घेतली. तरी लोक सुईला भीत होते. त्यावर कादंबरी का नाही?

सदाशिवपेठी: वेगळे काढा म्हणायला काय जातं? कोरोनात माझ्या वडिलांना नेलं, फोनवर आवाजसुद्धा ऐकू दिला नाही, आणि शेवटी लांबूनच चिता दाखवली. मला शिकवू नका.

डॉक्टरीणबाई: त्याच कोरोनात माझ्या वॉर्डातली सिस्टर गेली, तिची मुलगी तेव्हा दुसरीत होती. दुःख तुमच्या एकट्याच्या घरी आलं नव्हतं.

सातारी: प्लेग पिसवांमुळे पसरतो हे सिमाँ या फ्रेंच डॉक्टरने १८९८ मध्ये कराचीत दाखवलं. त्याआधी सरकार माणसांच्या मागे लागलं आणि उंदीर मोकळे राहिले. आजी सांगायची, चुलीपाशी उंदीर पडलेला दिसला की तिची सासू मळलेलं पीठ परातीत तसंच टाकून पोरांना माळावर घेऊन जाई. हेच पुस्तकात आलं तर तुम्हाला कंटाळा येतो!

अर्धवट_वाचक: बरं, झोपड्यांची पानं हवीत, एवढं मानतो. पण झोपडीत राहणाऱ्या एका तरी बाईला नाव द्या, तिचं बोलणं ऐकू द्या. या पुस्तकात मेलेल्यांचे आकडे आहेत, माणसं नाहीत.

हडपसरकर: मग पहिल्यांदाच असं लिहायचं होतं. यावर माझं काही भांडण नाही.