चारचौघांत नाव घेतल्याशिवाय पोरं सुधारत नाहीत म्हणे!

उद्यमबाग_क्यूसी: फौंड्रीतल्या (धातू ओतायच्या कारखान्यातल्या) एका सुपरवायझरची पोस्ट फिरूलाली आहे, "रिजेक्ट कास्टिंगचा (ओतलेल्या भागाचा) फोटो मोल्डरच्या (वाळूचा साचा करणाऱ्याच्या) नावासकट व्हॉट्सअप ग्रुपवर टाका, लाजेनं तरी काम सुधारतंय." खाली अंगठ्यांची रांग. वाचून डोकंच फिरलं. पोराला ह्यातनं कळलं काय, तर नाव खराब झालं. ब्लोहोल (गॅसनं पडलेलं भोक) कुठल्या बाजूला, कुठल्या पॅटर्नला (साच्याच्या नमुन्याला), पुढच्या मोल्डला काय बदलायचं, एक अक्षर नाही. त्याच पाळीत बाजूला घ्या, कास्टिंग हातात द्या, बोट ठेवून दाखवा की. क्लुगर आणि डेनिसी ह्या दोघा संशोधकांनी १९९६ साली फीडबॅकवरचे जुने अभ्यास एकत्र मांडले, सरासरीनं फायदा दिसला पण एक तृतीयांशाहून जास्त ठिकाणी काम उलट बिघडलं. लक्ष कामावरनं उठून स्वतःच्या अब्रूवर गेलं की असंच होणार.

मच्छे_शिफ्ट: क्यूसीत (माल तपासणीत) बसून बोलायला काय जातंय ओ. गेटवर गाडी उभी आहे, एकेकाला बाजूला कधी घेऊ? आमच्या मेस्त्रीनं सगळ्यांदेखत शिव्या घालून शिकवलं, आज लाइन चालवतोय.

टिळकवाडी_टीमलीड: शिव्या नकोतच, पण ते आधी कौतुक, मधे चूक, परत कौतुक हे पण बंद करा. माझ्या मॅनेजरनं असं सांगितलं की मी खूश होऊन घरी गेले आणि अप्रेझलला कळलं की ती तक्रार होती. वर सगळं इंग्लिशमध्ये. टीम मराठी नाहीतर कन्नड बोलणारी, उलट विचारायला कोण तोंड उघडतंय?

वाळूवाला_काका: ब्लोहोल आला की मोल्डरच धरायचा होय? पावसाळ्यात बेळगावात वाळू वाळते कधी? ओल वाढली की वाफ होती, गॅस आतच अडकतोय. मॉइश्चर कोण मोजूलालंय? क्वालिटीवाला डेमिंग सांगून गेला, ९४ टक्के दोष सिस्टिमचे, ते मॅनेजमेंटनं निस्तरायचे.

मच्छे_शिफ्ट: डेमिंग आमच्या लाइनवर उभा नव्हता. व्हेंट (साच्यातनं गॅस जायची भोकं) मारायला विसरतोय तो कोण, पाऊस?

वाळूवाला_काका: तोंड सांभाळून बोल बाबा, तुझ्या जन्माआधीपासून वाळू मळतोय. मुलरमध्ये (वाळू मळायच्या मशीनमध्ये) पाणी अंदाजानं ओततात, ते मोल्डर ठरवतोय? मी होतो त्या एका फौंड्रीत अख्ख्या पाळीचा माल भंगारात गेला, पोराचा पगार कापला, ग्रुपवर फोटो टाकला. नंतर कळलं, लेडलचं (वितळलेला धातू ओतायच्या भांड्याचं) अस्तरच नीट वाळलं नव्हतं. तोवर पोरगं कोल्हापूरला शिरोलीत लागलं, चांगला हात गेला. माफी कोणी मागितली नाही.

उद्यमबाग_क्यूसी: हेच म्हणतोय मी! आधी विचारा, "त्या वेळी वाळू कशी लागत होती?" मोल्डरच्या हाताला ते रिपोर्टच्या आधी कळतंय.

मच्छे_शिफ्ट: बरं, वाळूचं मान्य. सॅंड रिपोर्ट बघितल्याशिवाय नाव घेणार नाही. पण परत परत सांगूनबी व्हेंट मारला नाही तर ओरडणारच, त्यात माघार नाही.

उद्यमबाग_क्यूसी: ओरडा की, केबिनमध्ये. ग्रुपवर फोटो टाकायचाच तर दोषाला गोल करा, कारण लिहा, नाव काढा.

टिळकवाडी_टीमलीड: आणि आमच्या अप्रेझलचं? अख्खा धागा वाळूत गेला की!

मच्छे_शिफ्ट: ताई, थांबा जरा. काका, मुलरच्या पाण्याला मीटर बसवलाय काय कोणी? कुठला चालतोय ते सांगा.